पुस्तकाची इयत्ता

सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात बसणाऱ्या माणसाला एक प्रश्न जितक्या वेळा ऐकावा लागतो तितका दुसरा कुठलाच नाही. "हा चौथीत आहे, याला काय देऊ?" विचारणारी कधी आई असते, कधी आजोबा; उन्हाळ्याच्या सुटीत मोठी बहीणसुद्धा. विचारणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की असते. मुलाला जशी इयत्ता असते तशी पुस्तकालाही असणार, आणि ती ग्रंथपालाला ठाऊक असणार.

मुलाच्या इयत्तेवरून त्याचे वाचन कळत नाही, हे कुठल्याही शिक्षकाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात समजते. पुस्तकाच्या इयत्तेची कल्पना मात्र आपण फारशी न तपासता पचवली आहे. पुस्तकातले शब्द आणि वाक्ये मोजून ते कितवीतल्या मुलाचे हे गणिताने सांगता येते, ही समजूत जेमतेम शंभर वर्षांची आहे. तालुक्याच्या एका ग्रंथालयात बालविभाग सांभाळताना मी काही वर्षे या समजुतीचा माग काढत होते. तिचा बहुतेक इतिहास अमेरिकेत घडला, म्हणून या लेखाचा बराच भाग तिकडचा आहे. तिच्या पट्ट्या आता आपल्याकडच्या पुस्तकांच्या कण्यावर येऊन चिकटल्या आहेत, म्हणून तो आपलाही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांना प्रवेशच नव्हता. बारा-चौदा वर्षांखालच्यांनी दाराबाहेर थांबायचे. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी मिनर्व्हा सँडर्स यांनी १८७७च्या सुमारास मुलांना आत घेतले, त्यांच्यासाठी बुटकी टेबले-खुर्च्या मांडल्या. हार्टफर्डच्या कॅरोलाइन ह्यूइन्स यांनी १८८२ साली मुलांच्या निवडक पुस्तकांची यादी छापली. या पिढीतल्या ग्रंथपाल बायकांचे शास्त्र म्हणजे पुस्तक स्वतः वाचणे आणि मूल ओळखणे, एवढेच. त्याला दुसरे नाव नव्हते आणि आकडाही नव्हता.

शाळांत मात्र क्रम होता. मॅकगफी यांच्या वाचनमाला १८३६पासून निघू लागल्या आणि पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक अशी त्यांची चढती भाजणी देशभर रुळली. आपल्याकडे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी शालेय पुस्तके तयार झाली, तीही अशीच पायरीपायरीने. 'क्रमिक पुस्तक' हा शब्दच ते सांगतो. पण हा क्रम पुस्तके लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेला. क्रमासाठी न लिहिलेले पुस्तक, म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटातले पुस्तक, कुठल्या पायरीवर ठेवायचे, हा प्रश्न उरलाच.

उत्तराची सुरुवात शब्द मोजण्यापासून झाली. कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी बायबलपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत ४१ प्रकारच्या लिखाणातले शब्द मोजून १९२१ साली १० हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. जास्त वेळा येणारा शब्द तो ओळखीचा, क्वचित येणारा तो अवघड, असे तिचे साधे तत्त्व होते. दोनच वर्षांनी लाइव्हली आणि प्रेसी या दोघांनी ती यादी हाताशी घेऊन पाठ्यपुस्तकांतला 'शब्दांचा बोजा' मोजण्याची पद्धत सांगितली. तक्रार विज्ञान शिकवणाऱ्यांची होती: पुस्तकात नवे शब्द इतके की सगळा तास अर्थ सांगण्यातच जातो. एका पुस्तकाची मोजणी करायला तीनेक तास लागत.

यानंतरचा टप्पा मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही.

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी विनेटका नावाचे उपनगर आहे. कार्ल्टन वॉशबर्न तिथल्या शाळांचे अधीक्षक म्हणून १९१९ साली आले आणि १९४३पर्यंत राहिले. त्यांच्या शाळांत गणित, वाचन, शुद्धलेखन या विषयांत सगळ्या वर्गाने एका सुरात पुढे सरकायचे नसे. प्रत्येक मुलाने आपल्या गतीने जायचे. अशी पद्धत स्वीकारली की वर्गाच्या पेटीतली पुस्तके अपुरी पडू लागतात, कारण एकाच बाकावर दुसरीचे वाचणारा आणि सहावीचे वाचणारा असे दोघे बसलेले असतात. त्या दोघांना काय द्यायचे?

वॉशबर्न आणि त्यांच्या सहकारी मेबल व्होगेल यांनी ते मुलांनाच विचारायचे ठरवले. कार्नेगी कॉर्पोरेशनने पैसा दिला. तीसहून अधिक शहरांतल्या सुमारे ३७ हजार मुलांकडून त्यांनी चिठ्ठ्या भरून घेतल्या: वाचलेल्या पुस्तकाचे नाव लिहायचे आणि ते किती आवडले हे सांगायचे. त्याच मुलांची वाचनाची प्रमाणित चाचणीही घेतली होती. मग प्रत्येक पुस्तकासाठी, ते ज्या मुलांनी वाचले *आणि ज्यांना ते आवडले*, त्यांच्या चाचणीतल्या गुणांची सरासरी काढली. ती त्या पुस्तकाची इयत्ता. अशा सुमारे ७०० पुस्तकांची यादी १९२६ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने प्रसिद्ध केली.

बालग्रंथपालांनी तिचे फारसे स्वागत केले नाही. मुलांनी मनापासून आवडल्याचे लिहिलेली बरीच पुस्तके जाणकारांच्या मते सुमार होती, आणि चार दशके रुचीची राखण केलेल्या माणसांना मुलांची मते मोजून यादी बनवणे रुचणे शक्य नव्हते. हा वाद मला ओळखीचा वाटतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरून आणि पुढे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरून तो घराघरात झालेला आहे. पण वादाच्या धुरळ्यात यादीतली खरी नवी गोष्ट झाकली गेली. इथे पुस्तकाची इयत्ता पुस्तकातून काढलेली नव्हती, वाचणाऱ्यांकडून आली होती.

व्होगेल आणि वॉशबर्न यांनी पुढचे पाऊल १९२८ साली टाकले. नव्या प्रत्येक पुस्तकासाठी हजारो चिठ्ठ्या कोण गोळा करणार? म्हणून त्यांनी यादीतली १५२ पुस्तके घेतली आणि त्यांच्या मजकुरातले काय काय मोजले तर मुलांनी दिलेल्या इयत्तेचा अंदाज येतो हे तपासले. चार गोष्टी उरल्या: हजार शब्दांत वेगवेगळे शब्द किती, थॉर्नडाइकच्या यादीबाहेरचे किती, शब्दयोगी अव्ययांसारखे संबंधदर्शक शब्द किती, आणि ७५ वाक्यांत साधी वाक्ये किती. या चौघांचे समीकरण मांडले की मुलांच्या मतांशी ते बऱ्यापैकी जुळे. 'विनेटका सूत्र' ते हेच. आजच्या संगणकी मोजमापांचे आजोबा.

सूत्र बनवताना आधाराला मुलांचे वाचन होते, आणि आवडही. पुढच्या सूत्रांत हा आधार बदलला. अर्व्हिंग लॉर्ज (१९३९), रुडॉल्फ फ्लेश (१९४८), एडगर डेल आणि जीन चॉल (१९४८) या सगळ्यांची सूत्रे गाजली, डेल-चॉल सूत्र तर दशकानुदशके वापरात राहिले. पण या साऱ्यांनी कसोटी म्हणून वापरले ते मॅकॉल आणि क्रॅब्ज यांचे चाचणी-उतारे: छोटे उतारे, खाली प्रश्न. ज्या इयत्तेच्या मुलांना ठरावीक प्रमाणात प्रश्न सोडवता आले ती उताऱ्याची इयत्ता. कारण समजण्यासारखे आहे. उतारे तयार होते, आकडे तयार होते, चिठ्ठ्या वाटत फिरायची गरज नव्हती. मात्र या सोयीच्या बदल्यात एक शब्द गळला. 'वाचले आणि आवडले' याच्या जागी 'वाचले आणि उत्तर बरोबर आले' हे आले. ग्रंथालयातले पुस्तक मोजण्याचा काटा परीक्षेच्या पेपरवर बेतला गेला, आणि हे घडल्याची नोंद त्या काळी कुणाला महत्त्वाची वाटली नाही.

मुलाच्या बाजूनेही अशीच मोजणी सुरू झाली होती. एमेट बेट्स यांनी १९४६च्या आपल्या जाड ग्रंथात वाचनाच्या तीन पातळ्या सांगितल्या: मूल एकटे वाचू शकेल ती, शिक्षकाच्या मदतीने वाचू शकेल ती, आणि जिथे ते हताश होईल ती. शंभरातले ९५ शब्द बिनचूक वाचता आले पाहिजेत वगैरे त्यांचे निकष जगभरच्या शिक्षकप्रशिक्षणात अजून ऐकू येतात. ते ज्या अभ्यासावर बेतले होते तो त्यांच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध होता, चौथीतल्या ४१ मुलांवर केलेला. प्रबंधाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ४१ मुलांच्या खांद्यावर केवढी इमारत उभी राहिली, हे वाचून मी ते पान बराच वेळ मिटले नाही.

मग सूत्रे पुस्तकांवर उलटी फिरू लागली. आधी छापलेले पुस्तक मोजायचे होते. आता सूत्रात बसेल असे पुस्तक लिहायचे. प्रकाशक लांब वाक्ये तोडत, अवघड शब्दाऐवजी सोपा घालत. ॲलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी १९८२ साली असे रूपांतरित उतारे मुळाशी ताडून पाहिले. वाक्य तोडताना पहिला बळी जातो तो 'कारण', 'म्हणून', 'तरीही' या शब्दांचा, हे त्यातून दिसले. 'पाऊस आला म्हणून ती थांबली' याची 'पाऊस आला. ती थांबली.' अशी दोन वाक्ये केली की सूत्राच्या लेखी मजकूर सोपा होतो. पण ती का थांबली हे आता मुलाने स्वतः जुळवायचे. सोपे केलेले अवघड झाले.

उलट बाजूचे एक उदाहरण सांगायला हवे, नाहीतर मी मोजणीवर फार राग धरून आहे असे वाटेल. शाळेतल्या वाचनपाठांच्या नीरसपणावर १९५४ साली जॉन हर्सी यांनी 'लाइफ' साप्ताहिकात लेख लिहिला. त्यानंतर एका प्रकाशकाने थिओडोर गाइझेल यांना, म्हणजे डॉ. स्यूस यांना, पहिलीच्या शब्दयादीतलेच शब्द वापरून मुलाला खाली ठेववणार नाही असे पुस्तक लिहायला सांगितले. यादीने ते मेटाकुटीला आले, पण १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' आले ते फक्त २३६ वेगवेगळ्या शब्दांत. म्हणजे कुंपण घातल्याने पुस्तक मरतेच असे नाही. कुंपणात कोण उभे आहे यावर ते असते.

ऐंशीच्या दशकापासून मोजणी संगणकाकडे गेली. 'लेक्साइल' ही मोजपट्टी शब्दांची वारंवारता आणि वाक्यांची लांबी या दोनच गोष्टींवरून पुस्तकाला आकडा देते आणि तोच आकडा मुलालाही देते, म्हणजे जुळवणी झालीच. तिच्यावर 'शार्लट्स वेब' या कोळीण आणि डुकराच्या पिल्लाच्या गोष्टीला ६८० आकडा मिळाला. जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'लाही ६८०च. दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांच्या त्या कादंबरीत माणसे साध्या बोलीत, लहान वाक्यांत बोलतात, एवढाच तिचा अपराध. आकड्यानुसार ती दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी योग्य ठरते, हे अमेरिकेतल्या २०१०च्या अभ्यासक्रम-मानकांच्या परिशिष्टातच नमूद केले आहे. मोजणाऱ्यांना मोजणीची मर्यादा ठाऊक होती. ती ठाऊक नव्हती कपाटासमोर उभ्या असलेल्या मुलाला.

त्या मुलासमोर आता पट्ट्या आल्या होत्या. काही कार्यक्रमांत पुस्तक वाचल्यावर संगणकावर प्रश्नमंजूषा सोडवून गुण मिळत. आयरीन फाउंटास आणि गे सू पिनेल यांनी १९९६ साली शिक्षकांसाठी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने पुस्तकांच्या पातळ्या लावण्याची पद्धत मांडली, आणि शाळांनी ती अक्षरे पुस्तकांच्या पेट्यांवर व नंतर मुलांवर डकवली. पुढे त्या दोघींनाच सांगावे लागले की पातळी हे शिक्षकाचे साधन आहे, मुलाचे नाव नव्हे. अमेरिकेतल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने २०११ साली पुस्तकांच्या कण्यावर वाचनपातळीची चिठ्ठी लावू नये अशी भूमिका घेतली. त्यांची कारणे धंद्यातल्या माणसाला पटतील अशी आहेत. मुलाला कपाट चाळता यायला हवे, कारण शाळेबाहेरचे कुठलेही ग्रंथालय किंवा दुकान रंगांनी लावलेले नसते. आणि कुणाची वाचनपातळी काय हे हातातल्या पुस्तकावरून सगळ्या वर्गाला कळू नये.

आता इकडे येते. पण थेट महाराष्ट्रात येण्याआधी ढाक्याला थांबायला हवे, कारण शब्द मोजून वाचन सोपे करण्याच्या कामात हिंदुस्थानचा वाटा फार लवकरचा आहे. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतले अधिकारी विसाव्या दशकात ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येणे जास्त उपयोगाचे, पण हाती दिलेल्या वाचनमालांत नवे शब्द इतक्या दाटीने येतात की मूल वाचतच नाही, अडखळत राहते, असे त्यांना आढळले. त्यांनी नवे शब्द कमी केले, विरळ पेरले आणि प्रत्येकाची पुन्हा पुन्हा भेट होईल असे पाहिले. परकी भाषा शिकणाऱ्याची गरज म्हणून मोजपट्टी निघाल्याचे दुसरे उदाहरण युगांडातले. एडवर्ड फ्राय यांचा वाचनसुलभतेचा आलेख, जो पुढे अमेरिकेतल्या प्रत्येक शिक्षकाच्या खणात सापडू लागला, तो त्यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी तिथल्या इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी आखला होता.

एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मद्रासहून १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यांतले दुसरा आणि तिसरा हे दोन नियम एकमेकांचे आरसे आहेत: वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, आणि पुस्तकाला त्याचा वाचक. विनेटकाच्या सूत्रानंतर तीन वर्षांनी लिहिलेल्या या नियमांत पातळीचा आकडा कुठे नाही. जुळवणी कुणी करायची, याचे रंगनाथनांचे उत्तर ग्रंथपाल हेच होते.

मराठीत पुस्तकाची पातळी सांगायची स्वतःची एक रीत आहे आणि ती कुणा शास्त्रज्ञाने काढलेली नाही. मुलांच्या पुस्तकांवर मोठ्या अक्षरांत छापलेले असते: 'जोडाक्षरविरहित गोष्टी'. आधी बिनकान्याचे शब्द, मग काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि सर्वांत शेवटी जोडाक्षरे, ही अंकलिपीची वाट. तिच्यावरचा शेवटचा टप्पा अजून न ओलांडलेल्या मुलासाठी ही पुस्तके. पालक ती डोळे मिटून घेतात आणि पहिली-दुसरीसाठी मीही ती काढून देत असे.

एका पावसाळ्यात मी त्यांतल्या काही पुस्तकांची भाषा बारकाईने पाहू लागले. जोडाक्षर वर्ज्य केले की काय काय जाते? 'गोष्ट' जाते, 'पुस्तक' जाते, 'शब्द' जातो, 'मित्र' जातो. त्याहून मोठे नुकसान व्याकरणाचे. 'त्याला', 'त्याने', 'माझ्या', 'तुझ्या' गेले. 'च्या' गेला, म्हणून 'आजीच्या घरी' लिहिता येत नाही. घर आजीचे आहे हे वेगळे सांगावे लागते. आणि 'म्हणाली' गेले! मराठी गोष्टीतून 'म्हणाली' काढून घेणे म्हणजे पोळपाट काढून घेऊन पोळ्या लाटायला सांगणे. लेखक मग 'बोलली', 'विचारले' यांवर भागवतात, नाहीतर संवादच टाळतात. दुसरीकडे 'निरामय', 'अभिजात', 'परिमल' हे शब्द या चाळणीतून आरपार जातात, कारण त्यांत जोडाक्षर नाही. मूल घरात दिवसातून शंभरदा ऐकते तो शब्द अवघड आणि कधीच ऐकत नाही तो सोपा! स्टाइनबेकची कादंबरी दुसरीत घालणाऱ्या यंत्राला हसण्याआधी आपण आपल्या कपाटाकडे पाहावे.

यामागे लिपीचे कारण आहे. इंग्रजीत शब्द ओळखीचा नसेल तर तो उच्चारताही येईलच असे नाही. म्हणून थॉर्नडाइकची यादी एकाच वेळी दोन कामे करते, उच्चाराची अडचण सांगते आणि अर्थाचीही. देवनागरीत या दोन अडचणी सुट्या होतात. खुणा बसल्या की मूल कुठलाही शब्द खणखणीत वाचते. 'पाच बोटांचा नियम' इथेच फसतो. पान वाचताना अडेल त्या शब्दाला मुलाने एक बोट मिटायचे, पाच मिटली तर पुस्तक अवघड, असा तो नियम. तिसरी-चौथीतल्या मुलांना मी हा खेळ दिला, तेव्हा चांगले वाचणाऱ्यांची बोटे उघडीच राहत, आणि पानात काय होते विचारले की तोंडे मिटत.

वाक्यांची लांबीही तशीच फसवी. 'आजीच्या घरासमोरच्या अंगणात मांजर बसले होते' हे सहा शब्दांचे वाक्य सांगायला इंग्रजीला बाराएक शब्द लागतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. झाड, झाडाला, झाडावरून, झाडाखालच्या हा एक शब्द धरायचा की चार? हे ठरवल्याशिवाय मराठी शब्दांची वारंवारता मोजता येत नाही. भारतात आता पातळ्या लावून पुस्तके निघतात, 'प्रथम बुक्स'ची चार पातळ्यांची रचना मराठीतही परिचित आहे. तिच्यात पहिल्या पातळीला साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरीला ६००पर्यंत अशी शब्दसंख्येची मर्यादा आहे. व्यवहारात ती उपयोगी पडते, मी वापरली आहे. पण अडीचशे मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त माल भरलेला असतो हे देणाऱ्याने लक्षात ठेवावे लागते. घरात कोरकू, वारली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलासाठी तर तो माल आणखी जड.

मोजणी नकोच, असे मात्र म्हणता येत नाही. 'असर'च्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी सुमारे ४३ टक्के होती. म्हणजे पाचवीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले अशी, ज्यांच्या हातात 'पाचवीचे' पुस्तक देणे हा त्यांचा अपमान आहे. त्या मुलांना काय द्यायचे हे ठरवायला ती कुठवर वाचतात हे माहीत हवे, आणि ते नुसत्या मायेने कळत नाही. माझा आक्षेप आकड्याला नाही, आकडा कुठे चिकटवायचा याला आहे.

जवळच्या एका शाळेने पुस्तकांच्या कण्यावर रंगीत पट्ट्या लावल्या होत्या: पोपटी सर्वांत सोपी, मग पिवळी, केशरी, निळी. तिथली मुले शनिवारी आमच्याकडे येत. सहावीतल्या एका मुलीला मी एक चित्रमय पुस्तक दिले. तिने ते उलटे धरले, कण्याकडे पाहिले. आमच्या पुस्तकांना पट्ट्या नव्हत्या, पण नेमके त्या पुस्तकाचे कापड पोपटी होते.

"बाई, हे नको."

"का गं? घोड्याचं आहे. तुला घोडे आवडतात ना?"

"पोपटी म्हणजे ढ."

शेजारचा मुलगा फिसकन हसला. त्या शाळेत पोपटी पट्टी लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मूल अडू नये म्हणूनच ती लावलेली. त्याच आठवड्यात मी आमच्या दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या: टाइप केवढा, पानावर ओळी किती, जोडाक्षरे दाट की विरळ, 'कारण-म्हणून' जागेवर आहेत की नाहीत, आणि कुणाला आवडले. शेवटचा रकाना विनेटकाकडून उचललेला. तो भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि पुस्तक देताना त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. नोंदवही टेबलाच्या माझ्या बाजूला असते.

तरी एक अडचण नोंदवहीने सुटत नाही. दुसरीचे वाचणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दुसरीच्या मुलाची गोष्ट नको असते. त्याला चिमणीचे घर मेणाचे असले काय नि शेणाचे असले काय! त्याचे वाचन मागे आहे, वय नाही. इंग्रजीत अशा मुलांसाठी सोप्या भाषेत मोठ्या विषयांची पुस्तके मुद्दाम निघतात. मराठीत ती नाहीतच, असे मी बरीच वर्षे ऐकत आले.

ती आहेत. ती बालविभागात नाहीत, एवढेच. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे १९८८मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, आणि या मोहिमांच्या निमित्ताने नवसाक्षर प्रौढांसाठी मराठीत छोट्या पुस्तिका निघत गेल्या. मोठा टाइप, आखूड वाक्ये, पानाला दहा-बारा ओळी. विषय मात्र मोठ्या माणसांचे: विहीर, सावकार, बाळंतपण, गुरांचे रोग, भुताखेतांच्या नि संतांच्या गोष्टी. आपण नुकते वाचायला लागलो आहोत याची लाज असलेल्या, पण जग पाहिलेल्या माणसाशी कसे बोलायचे हे त्यांच्या लेखकांना शिकावे लागले होते. सगळ्याच काही चांगल्या नाहीत. कित्येक नुसता उपदेश करतात. पण त्यांत 'म्हणाली' आहे, 'त्याच्या' आहे, आणि 'म्हणून'ही आहे.

आमच्या ग्रंथालयात अशा तीसेक पुस्तिका बाद करायच्या यादीत होत्या. मागणी नाही, असा शेरा. मी त्या यादीतून काढून घेतल्या, पुसल्या, आणि बालविभागाच्या दारातल्या मांडणीवर कुठलीही पट्टी न लावता ठेवल्या. पहिली गेली ती शेळीपालनाची. नेणारा सहावीतला मुलगा होता, घरी चार शेळ्या आहेत म्हणाला. आठ दिवसांनी परत आणली तेव्हा तीत एका रोगाची जी लक्षणे दिली आहेत ती त्याच्या काळ्या शेळीला नव्हती, म्हणून पुस्तकात चुकले आहे का हे त्याला विचारायचे होते.